पोर्तुगाल, १९७४ : कार्मोच्या चौकातून दिल्लीपर्यंत

माडाखाली

लिस्बनला येऊन मला सहा वर्षं झाली. १९७४ मध्ये या दिवशी लष्करातल्या कॅप्टनांनी बंड करून इथली हुकूमशाही संपवली, म्हणून दर २५ एप्रिलला इथे सुट्टी असते आणि दुपारी आवेनीदा दा लिबर्दाद या मोठ्या रस्त्यावरून मोर्चा निघतो. म्हातारीकोतारी, कॉलेजची पोरं, बाबागाड्या ढकलणारे आईबाप, सगळे त्यात असतात. बहुतेकांच्या छातीवर नाहीतर हातात लाल कार्नेशन. पोर्तुगीजमध्ये या फुलाला 'क्राव्हु' म्हणतात आणि लवंगेलाही क्राव्हुच म्हणतात. फूल नाकाशी धरलं की का ते कळतं.

यंदा मोर्चा संपल्यावर मी कार्मोच्या चौकात जाऊन बसले. बाकावर शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या आसपासचे. कुठची म्हणून त्यांनी विचारलं. सावंतवाडी सांगून त्यांना काय कळणार, म्हणून 'गोव्याच्या शेजारची' म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. म्हणाले, सक्तीच्या भरतीत ते गिनीला, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीत होते आणि तिथे त्यांचा कॅप्टन गोव्याचं नाव काढायचा. "गोव्यातल्या फौजेचं जे केलं तेच आपलं करणार," असं म्हणायचा.

माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याहून पत्रादेवीकडे गेलेल्या सत्याग्रहींत होते. डोक्यावर लाठीची खूण होती, केस विरळ झाल्यावर ती स्पष्ट दिसायची. 'पाखले', म्हणजे गोरे पोर्तुगीज, हा शब्द ते ज्या सुरात उच्चारायचे तो अजून कानात आहे. त्या घरातल्या मुलीला पोर्तुगीज सैनिकांविषयी काही चांगलं वाटेल, असं मला स्वतःलाच कधी वाटलं नव्हतं. त्या बाकावर मात्र दोन्ही टोकं जुळली. म्हणून १९७४ या एका सालाबद्दल लिहायला बसले आहे.

साल उजाडलं तेव्हा पोर्तुगालमधल्या हुकूमशाहीला ४८ वर्षं होत आली होती. १९२६ चं लष्करी बंड, मग सालाझार, आणि १९६८ मध्ये ते आजारी पडल्यावर मार्सेलो काएतानो. नावं बदलली, कारभार तोच. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरायची. गुप्त पोलिसांना लोक 'पीद' म्हणायचे; काएतानोंनी त्यांचं नाव बदलून डीजीएस केलं, तरी लोकांच्या तोंडी पीदच राहिलं. आफ्रिकेत तीन आघाड्यांवर युद्ध चालू होतं: अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून, मोझांबिकमध्ये १९६४ पासून. अर्थसंकल्पाचा सुमारे ४० टक्के हिस्सा त्यात जायचा. तरुणांना चार-चार वर्षं सक्तीची नोकरी, त्यातली दोन वर्षं बहुधा आफ्रिकेत. ती चुकवायला पोरं रातोरात डोंगर ओलांडून फ्रान्सला पळायची.

कॅप्टन मंडळी आधी चिडली ती बढतीच्या नियमावरून. १९७३ च्या उन्हाळ्यात सरकारने सक्तीच्या भरतीतल्या अधिकाऱ्यांना झटपट कायम करण्याची वाट काढली, आणि वर्षानुवर्षं आफ्रिकेत घालवलेल्यांची ज्येष्ठता गेली. या रागातून बैठका सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत बोलणं बढतीवरून युद्धावर आलं आणि युद्धावरून राजवटीवर.

२२ फेब्रुवारी १९७४ ला जनरल स्पिनोलांचं पुस्तक बाजारात आलं. गिनीत सेनापती राहिलेला माणूस छापून सांगत होता की हे युद्ध लष्करी मार्गाने जिंकता येणार नाही. १४ मार्चला काएतानोंनी वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना निष्ठा दाखवण्यासाठी बोलावलं. स्पिनोला आणि कोस्ता गोमेश गेले नाहीत, दोघांनाही पदावरून काढलं. दोन दिवसांनी काल्दाश दा राइन्या इथल्या पलटणीने एकटीनेच लिस्बनकडे कूच केलं. ती वाटेत अडवली गेली, सुमारे दोनशे जणांना अटक झाली. या फसलेल्या बंडातून धडा घेतला तो मेजर ओतेलो साराय्वा द कार्व्हाल्यु यांनी. पुढच्या खेपेला कोणती तुकडी किती वाजता कुठे पोचणार हे त्यांनी बारकाईने ठरवलं.

मग २५ एप्रिल. सांतारेंच्या घोडदळ प्रशालेतून २९ वर्षांचा कॅप्टन साल्गेइरु माया मध्यरात्रीनंतर निघाला. त्याआधी त्याने पोरांना मैदानात उभं केलं आणि सांगितलं, ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला नको त्याने मागे राहावं. सगळे आले. सुमारे २४० जण आणि जुनाट चिलखती गाड्या, अंतर ऐंशी किलोमीटर. पहाटे सहाच्या सुमारास ते नदीकाठच्या तेर्रेइरु दु पासु चौकात पोचले. मंत्रालयं तिथेच होती.

समोर तेजो नदीत एक युद्धनौका येऊन उभी राहिली. तिला चौकावर तोफा डागण्याचा हुकूम होता. तोफा डागल्या गेल्या नाहीत. मग नदीकाठच्या रिबेइरा दाश नाउश रस्त्यावर सरकारच्या बाजूचे रणगाडे आले. माया पांढरा रुमाल हातात धरून एकटा चालत पुढे गेला. खिशात हातबाँब होता, वेळ आली तर स्वतःसकट उडवायला. समोरच्या ब्रिगेडियरने त्याच्यावर गोळी झाडायला सांगितलं. आधी एका कनिष्ठ अधिकाऱ्याने नकार दिला. मग रणगाड्यात तोफेपाशी बसलेल्या एका कॉर्पोरलला तोच हुकूम झाला. त्यानेही तोफ डागली नाही. थोड्या वेळाने त्या तुकडीतले बरेचसे जवान रणगाड्यांसकट मायाच्या बाजूला आले.

मला या सबंध दिवसात हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. पोलादी डब्यात बसलेला, कुणालाही न दिसणारा एक पोरगा. त्याने हुकूम पाळला असता तर मायाची तुकडी तिथेच संपली असती.

दुपारी सगळे कार्मोच्या चौकात. काएतानो तिथल्या रिपब्लिकन गार्डच्या मुख्यालयात जाऊन बसले होते. रेडिओवरून बंडवाले सारखे सांगत होते की नागरिकांनी घरात थांबावं. कुणी ऐकलं नाही. माणसं झाडांवर, कठड्यांवर, चिलखती गाड्यांच्या टपांवर चढली. सेलेस्त काएइरु नावाची बाई एका रेस्टॉरंटमध्ये कामाला होती. त्या दिवशी रेस्टॉरंटचा पहिला वाढदिवस होता, गिऱ्हाइकांना वाटायला कार्नेशन आणून ठेवली होती. बंडामुळे दुकान उघडलंच नाही, मालकाने फुलं कामगारांना घरी न्यायला दिली. वाटेत एका शिपायाने तिच्याकडे सिगरेट मागितली. ती तिच्याजवळ नव्हती, म्हणून तिने फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. मग बाकीच्यांनीही. या बाई नोव्हेंबर २०२४ मध्ये गेल्या.

सत्ता रस्त्यावर पडायला नको, म्हणून काएतानोंनी एखादा जनरल मागितला. संध्याकाळी सहाच्या सुमारास स्पिनोला आले, त्यांच्या हाती सूत्रं दिली गेली आणि काएतानोंना चिलखती गाडीत बसवून नेलं. आधी मादेइरा बेटावर, तिथून ब्राझील.

हे सगळं आठ महिन्यांनी आपल्याकडे येऊन पोचलं. त्याच सालच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्यांच्या बाजूने सही परराष्ट्रमंत्री मारियु सुआरेश यांची. आपल्या बाजूने कुणाची, ते इथले जाणते सांगतीलच.

---

रेडिओवेडा

ताई, खूप छान लिहिलंत. रेडिओचं मी सांगतो, माझ्या आवडीचा भाग आहे.

बंड सुरू करायची खूण दोन गाण्यांनी दिली होती. पहिलं २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी, एका लिस्बनपुरत्या केंद्रावरून. पाउलु द कार्व्हाल्यु यांचं प्रेमगीत, 'निरोपानंतर' अशा अर्थाचं. तीनच आठवडे आधी, ६ एप्रिलला, ते इंग्लंडमध्ये ब्रायटनला युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालतर्फे गायलं गेलं होतं आणि शेवटच्या क्रमांकात राहिलं होतं. गाणं इतकं निरुपद्रवी की कुणाला शंका येणं शक्य नव्हतं. ते वाजलं याचा अर्थ तयार राहा.

दुसरं १२ वाजून २० मिनिटांनी, रादिओ रेनासेन्सावरून. हे केंद्र कॅथलिक चर्चचं आणि त्याचा आवाज देशभर पोचायचा. गाणं झेका आफोन्सुंचं, आलेंतेजु प्रांतातल्या ग्रांदुला गावावरचं. त्यांची इतर कितीतरी गाणी बंद होती, हे मात्र बंदीच्या यादीत नव्हतं. हे वाजलं की परत फिरणे नाही.

या गाण्याला वाद्यं नाहीत. सुरुवातीला ऐकू येतो तो खडीवर पडणाऱ्या पावलांचा आवाज. १९७१ मध्ये फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं, तेव्हा बाहेरच्या खडीवर चालून तो आवाज टिपला होता. आलेंतेजुतले शेतमजूर खांद्याला खांदा लावून, एका लयीत डुलत गातात, ती चाल त्यात आहे. मी हेडफोन लावून ऐकतो तेव्हा बराकीत रेडिओला कान लावून बसलेली ती पोरं डोळ्यांसमोर येतात.

आणखी एक. पहाटे ४ वाजून २६ मिनिटांनी पहिलं निवेदन वाचलं गेलं, त्यात डॉक्टरांना इस्पितळांत हजर राहण्याची विनंती होती. म्हणजे रक्त सांडेल अशी तयारी त्यांनी ठेवली होती.

---

नदीकाठ

पण रक्त सांडलंच नाही असं जे सगळीकडे लिहितात ते खरं का? आणि बायकांचं काय झालं त्या सालात? सगळ्या गोष्टीत कॅप्टन आणि जनरलच दिसतात. सेलेस्तबाई सोडल्या तर.

---

माडाखाली

नदीकाठ, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

रक्त सांडलं. २५ तारखेच्या रात्री पीदच्या मुख्यालयासमोर लोक जमले होते, त्यांच्यावर आतून गोळीबार झाला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. त्या इमारतीच्या भिंतीवर आज पाटी आहे. 'रक्तहीन' म्हणताना ही चार माणसं गाळली जातात याचं मला वाईट वाटतं.

बायकांचं असं, की १९६९ पर्यंत इथे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीवाचून परदेशी जाता येत नव्हतं. न्यायाधीश व्हायला बंदी होती, ती १९७४ च्या जूनमध्ये उठली. आणि तीन लेखिकांवर, तिघींचंही पहिलं नाव मारिया, एका पुस्तकाबद्दल अश्लीलतेचा खटला चालू होता. त्या ७ मे १९७४ ला सुटल्या, म्हणजे काएतानो गेल्यावर दोनच आठवड्यांनी.

मेअखेरीस किमान वेतन लागू झालं, महिना ३३०० एश्कुदु. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. पहिला वाढीव पगार मिळाला तेव्हा त्यांनी आईसाठी पायातलं घेतलं होतं, काळ्या चामड्याचं. त्याची पेटी अजून त्यांच्या कपाटात आहे, आत बटणं ठेवतात.

---

समुद्रपार

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. मी काही वर्षं मोझांबिकमध्ये काम केलं आहे.

एप्रिलची गोष्ट लिस्बनमध्ये सुरू होत नाही. ती गिनीच्या जंगलात सुरू होते. गिनीच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांचा जानेवारी १९७३ मध्ये कोनाक्रीला खून झाला, तरी त्यांचा पक्ष थांबला नाही. त्याच वसंतात त्यांच्याकडे खांद्यावरून सोडायची सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली आणि पोर्तुगीज विमानांना आकाश मोकळं राहिलं नाही. २४ सप्टेंबर १९७३ ला त्यांनी मुक्त प्रदेशात स्वातंत्र्याची घोषणाही केली. कॅप्टनांना युद्ध हरतोय हे कळलं ते कुणामुळे? आफ्रिकी शेतकऱ्यांच्या पोरांमुळे.

आणि हीच ती फौज. १६ डिसेंबर १९७२ ला मोझांबिकच्या तेते प्रांतात विरियामु गावात पोर्तुगीज कमांडोंनी बायकापोरांसकट माणसं मारली. पुढच्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये ती हकीकत छापून आली तेव्हा काएतानो लंडनच्या दौऱ्यावर निघाले होते. फुलं खोचलेल्या बंदुकांचे फोटो सगळ्यांना माहीत आहेत. विरियामु कुणाला माहीत नाही.

---

माडाखाली

समुद्रपार, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात ती उणीव राहिली. बाकावरच्या त्या आजोबांना मी विचारलं होतं की गिनीत काय पाहिलं. ते उत्तर द्यायला तयार नव्हते. चौकातल्या कारंज्याकडे बघत राहिले. मीही पुन्हा विचारलं नाही.

स्पिनोलांनाही आफ्रिका सोडायची नव्हती, त्यांना एक प्रकारचं संघराज्य हवं होतं. वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य करणारा कायदा २७ जुलैला झाला, तो कॅप्टनांच्या रेट्यामुळे. १० सप्टेंबरला गिनी-बिसाऊला मान्यता, त्याआधी ७ ला लुसाकात मोझांबिकच्या स्वातंत्र्याचा करार. २८ सप्टेंबरला स्पिनोलांच्या बाजूच्या लोकांनी लिस्बनमध्ये मोठा मेळावा ठरवला होता. लोकांनी शहराच्या वाटांवर अडथळे घातले, गाड्या तपासल्या आणि मेळावा होऊ दिला नाही. ३० तारखेला स्पिनोलांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं.

---

फोंड्याचा

ताई, तुम्ही आजोबांचं जे वाक्य लिहिलंत, 'गोव्यातल्या फौजेचं जे केलं तेच', त्याच्यामागची गोष्ट इथे कुणीतरी सांगायला हवी. आमच्याकडे ती घरोघरी माहीत आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याचे गव्हर्नर जनरल होते मानुएल आंतोनियु व्हासालु ई सिल्व्हा. सालाझारांनी त्यांना तार केली होती की शरणागती नको; पोर्तुगीज सैनिक आणि खलाशी एकतर विजयी झालेले असतील किंवा मेलेले. त्यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, विमानं नाहीत, रणगाडे नाहीत. समोर भारताचं सैन्य. त्यांनी पूल उडवले, मागे हटले आणि १९ तारखेला शरणागती पत्करली. हजारो पोरं जिवंत राहिली. आमची पणजी, मडगाव, म्हापसाही शाबूत राहिली.

ते सैनिक इथल्या छावण्यांमध्ये मेपर्यंत कैदेत होते. मायदेशी गेले तेव्हा स्वागत कसलं, गुन्हेगारासारखी वागणूक मिळाली. व्हासालु ई सिल्व्हांना १९६३ मध्ये लष्करातून बडतर्फ केलं. राजवटीने आपली चूक फौजेच्या माथी मारली, ही जखम पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या मनात राहिली. म्हणून गिनीत हार दिसू लागली तेव्हा त्यांना पहिली आठवण गोव्याची झाली.

आता १९७४ शी जोड. व्हासालु ई सिल्व्हांना त्यांचा हुद्दा परत मिळाला तो एप्रिलनंतरच. १९८० मध्ये ते गोव्यात आले होते, लोकांनी प्रेमाने स्वागत केलं. माझे वडील त्यांना बघायला गेले होते. सांगायचे, साधा म्हातारा, हात जोडून उभा होता.

त्यांची बहीण मारिया लामाश. लेखिका, बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, सालाझारविरोधक, तुरुंगात जाऊन आलेल्या. भाऊ साम्राज्याचा गव्हर्नर, बहीण त्याच राजवटीची कैदी. एप्रिल उजाडला तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या.

---

घाटावरचा

माहिती उत्तम आहे, पण एक स्पष्ट विचारतो. गोवा आपण १९६१ ला मुक्त केला. १९६२ ला घटनादुरुस्ती झाली, निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गेलेसुद्धा. मग १९७४ ला पोर्तुगालने मान्य केलं काय आणि न केलं काय? आपल्या घराची मालकी आधीच्या घुसखोराने मान्य करायची वाट आपण का बघायची? हुतात्म्यांचं श्रेय त्या सहीला जाऊ नये असं वाटतं.

---

फोंड्याचा

श्रेय कुणाचंच जात नाही, घाटावरचे दादा. पण सही नसल्यामुळे काय अडलं होतं ते सांगतो.

१९६१ नंतरही लिस्बनच्या संसदेत गोव्याच्या नावाच्या जागा होत्या. त्यांच्या कागदोपत्री आम्ही त्यांचा प्रांतच होतो. भारत-पोर्तुगाल राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले. ज्यांचे भाऊ, मुलगे लिस्बनला, मोझांबिकमध्ये लोरेन्सु मार्केशला, अंगोलात लुआंडाला नोकरीत होते त्यांची किती पंचाईत झाली असेल विचार करा. १९६१ नंतर मोझांबिकमधल्या भारतीयांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त केली, देशाबाहेर काढलं. जन्माचे दाखले, मालमत्तेचे कागद, पेन्शनी, सगळं दोन देशांच्या अबोल्यात अडकलेलं.

आणि सोनं. इथल्या माणसांनी बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेत दागिने गहाण ठेवले होते. मुक्तीच्या आधी बँकेने ते लिस्बनला हलवले. माझ्या आजीचा एक चंद्रहार त्यात होता. ते सोनं भारतात परत आलं १९९१ मध्ये. १९७४ चा करार झाला नसता तर ते बोलणंच सुरू झालं नसतं. चंद्रहार घरी आला तेव्हा आजी नव्हती. आईने तो घातला नाही, देवापुढे ठेवला आणि मग ताईच्या लग्नात दिला.

---

घाटावरचा

हे ठाऊक नव्हतं. चंद्रहाराचं वाचून गलबललं. माझा प्रश्न मागे घेतो.

---

कराडकर

मी ज्येष्ठ आहे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माडाखाली, तुम्ही सहीची जागा रिकामी ठेवलीत, ती भरतो. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारावर भारतातर्फे सही यशवंतराव चव्हाणांची आहे. ऑक्टोबरमध्येच त्यांच्याकडे अर्थखात्यावरून परराष्ट्रखातं आलं होतं.

जरा मागे जा. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा शेजारच्या महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण? यशवंतरावच. ज्या सत्याग्रहींचे जथे सावंतवाडी-बांद्यावरून जात होते, ज्यांच्या जखमा आपल्या इस्पितळांत बांधल्या जात होत्या, तो काळ त्यांनी जवळून पाहिलेला. तेरा वर्षांनी त्या प्रकरणाच्या शेवटच्या कागदावर त्यांचीच सही यावी.

समोर सुआरेश. हेही सालाझारांच्या तुरुंगातून आणि हद्दपारीतून आलेले. २८ एप्रिलला पॅरिसहून आगगाडीने लिस्बनला उतरले, स्टेशनावर लोकांची ही गर्दी. दोघेही परक्या नाहीतर जुलमी सत्तेचे कैदी राहिलेले, कारण यशवंतरावांनीही बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग भोगला होता. दोन माजी कैद्यांनी साडेचारशे वर्षांचं प्रकरण मिटवलं.

करारातली एक गोष्ट मला फार योग्य वाटते. मान्यता ३१ डिसेंबर १९७४ पासूनची नाही. हे प्रदेश भारतीय घटनेप्रमाणे भारताचा भाग झाले त्या त्या तारखेपासूनची आहे. घाटावरचे यांच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. मालकी त्यांनी दिली नाही, आधीपासून होती असं लिहून दिलं.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. वडील पेपर मोठ्याने वाचायचे, आम्ही भावंडं चहा पीत ऐकायचो. त्या दिवशी सहीची बातमी वाचून झाल्यावर त्यांनी पेपर घडी करून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आपल्या यशवंताने केलं." आई निरक्षर होती. तिने फोटोवरून हात फिरवला.

---

नदीकाठ

काका, डोळ्यांसमोर उभं केलंत.

मला एक विचारायचं आहे. आपले कैदी पोर्तुगालच्या तुरुंगात होते ना? एप्रिलमध्ये तुरुंग उघडले तेव्हा त्यांत कुणी होतं का?

---

कराडकर

मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं आणि काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाला तरी ते आतच. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके आणि इतर मंडळींनी किती खटपट केली. १९६९ च्या जानेवारीत सुटले, एप्रिलच्या पाच वर्षं आधी. गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षं एका माणसाने त्या मुक्तीची शिक्षा भोगली. २०१९ मध्ये पुण्यात वारले.

त्यांच्याही आधी गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं, समुद्राला लागून असलेल्या.

---

माडाखाली

काशियाश आणि पेनिश, १९७४ च्या एप्रिलअखेरीस उघडले ते हेच दोन तुरुंग. काशियाशचे कैदी २६ च्या रात्री आणि २७ च्या पहाटे बाहेर आले. आधी लष्कराला काही जणांना मागे ठेवायचं होतं. कैद्यांनी सांगितलं, सुटू तर सगळे, नाहीतर कुणी नाही. सगळे सुटले.

कराडकर काका, तुम्ही रानड्यांचं नाव काढलंत आणि मला आमच्या माडीवरची एक वही आठवली. आजोबांनी त्यांच्या सुटकेच्या अर्जासाठी गावात सह्या गोळा केल्या होत्या, त्याची कच्ची वही. निम्म्या पानांवर अंगठे आहेत, जांभळ्या शाईचे. लहानपणी आम्ही ते फुलांचे ठसे समजायचो. काल भावाला फोन करून शोधायला सांगितली. सापडली. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, मधली पानं ठीक आहेत.

आज सकाळी मी काशियाशला गेले. काइश दु सोद्रेहून कश्काइशची लोकल नदीच्या काठाकाठाने जाते, स्टेशनवर उतरून वर चढ लागतो. तिथे आजही तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता आलं नाही. भिंतीला लागून थोडी चालले. वरून तेजोचं मुख आणि पुढे समुद्र दिसतो. गोव्याहून निघालेली जहाजं याच पाण्यातून आत यायची.

जाताना स्टेशनजवळच्या फुलवालीकडून दोन क्राव्हु घेतली होती. एक कुंपणाच्या जाळीत खोवलं. दुसरं घरी आणलंय, भाताच्या पाण्याच्या पेल्यात ठेवलं आहे. वही पोस्टाने आली की तिच्यात ठेवणार आहे.